तुराय

१

उयुनीत कुठलाही प्रवास पेट्रोलच्या रांगेत सुरू होतो. विल्मा युक्रानं त्या सकाळीही रिकामे डबे दोरीनं एकमेकांना बांधून रांगेत लावले, शेजारी एका विटेवर बैठक मारली आणि विणकाम काढलं. गेली कित्येक वर्षं ती आणि तिचा धाकटा भाऊ सेवेरो परदेशी पाहुण्यांना जीपमधून दक्षिणेच्या उंच वाळवंटात फिरवून आणायचे. गाडी सेवेरोच्या हातात, चूल विल्माच्या. निघण्याआधीचं डोकं पिकवणारं काम, म्हणजे मुक्काम कुठे, पाणी किती, कुठल्या ओढ्यातून गाडी निघेल आणि कुठल्यात बसेल, तेही विल्माच्याच गळ्यात असायचं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. बाकीच्या बायकांना चर्चमध्ये जी शांतता मिळते ती तिला गाडी भरताना मिळायची.

"पाहुणे मिळाले वाटतं?" पुढच्या गाडीतल्या ड्रायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं. "का नवरा शोधायला निघालीस?"

"तुझ्यासारखा हाती लागायचा. त्यापेक्षा पेट्रोल बरं."

"कुठवर जाणार?"

"कारा पाम्पा."

त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यानं कोकाच्या पाल्याचा गोळा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि काच वर केली. विल्माला राग आला नाही. सेवेरोचं काय झालं ते उयुनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं.

फेब्रुवारीत, ऐन पावसात, सेवेरो एकटाच एका लांबच्या मुक्कामावर गॅसच्या टाक्या पोचवायला गेला होता. वाट वाचवायच्या नादात तो कारा पाम्पावरून गेला. ते म्हणजे नुसतं उघडंबोडकं मैदान, एरवी विटेसारखं कडक आणि पावसात लापशीसारखं. गाडी रुतली. गाडीशी बोलायला घरात ठेवलेल्या रेडिओवर त्याचा आवाज आला, "पानाय, अडकलोय गं. काळजी करू नकोस," आणि मग नुसती खरखर. विल्मा रेडिओपुढून उठली नाही. "तुराय, ऐकतोयस का? बोल रे तुराय, बोल." घसा बसेपर्यंत हेच. एकदा, फक्त एकदाच, पलीकडे बटण दाबल्याचा खट्ट आवाज झाला. बोललं कुणीच नाही. वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्याच्या मागे कुणीतरी ऐकत होतं. मग बटण सुटलं.

काही दिवसांनी सेवेरो आपल्या पायांनी केतेना गावात चालत आला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. गाडी तिकडेच राहिली, तिला काढायला चिखलात कोण जाणार! पण भाऊ परत आला, आणि विल्मानं सगळ्या संतांपुढे मेणबत्त्या लावल्या. तो घरात असून नसल्यासारखा होता हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं.

२

पोतोसीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळ्यांत उजेड पाडला आणि सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. शेजारच्या म्हाताऱ्या दोन्या प्रिमितीवानं मात्र सेवेरोच्या मनगटावर नुसता अंगठा ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"याचा आनिमो तिकडेच राहिलाय," ती विल्माला म्हणाली. "दचकला की जीव अंगातून निसटतो. अंग चालत घरी येतं आणि जीव तिथेच वाट बघत बसतो. डॉक्टरला तो नळीतून कसा ऐकू येणार?"

"मग काय करायचं?"

"जाऊन आणायचा. रक्ताच्या माणसानं जायचं. त्याच्या अंगावरचा कपडा न्यायचा, जिथे दचकला तिथे उभं राहून मायेनं हाक मारायची, हाम्पुय म्हणायचं, ये रे परत. मग कपडा छातीशी धरून मागे न बघता घरी यायचं. घराचा उंबरा ओलांडला की कपडा त्याच्या अंगावर चढवायचा. आणि एक ध्यानात ठेव पोरी. अंगावर चढेपर्यंत जीव सुटा असतो. लेकरासारखा. जो मायेनं हाक मारील त्याच्या मागे जाईल. त्याला दुसऱ्या कुणाची हाक ऐकू येऊ द्यायची नाही."

"आणि सेवेरो?"

"तो घरी. मी बसेन त्याच्यापाशी."

अशा रीतीनं पाहुण्यांशिवायच्या एका प्रवासाची तयारी सुरू झाली. सोबतीला कासियानोमामा होता. मामानं सगळा जन्म त्या वाळवंटात गाड्या चालवण्यात घालवला होता. आता गुडघ्यांनी दावा मांडल्यामुळे तो फक्त दुसऱ्यांच्या गाडी चालवण्याला नावं ठेवायचा. जेवणाच्या टेबलावरच त्यानं सगळा मुलूख मांडला. मिठाचं भांडं म्हणजे उतुरुंकू डोंगर, सुकवलेले बटाटे म्हणजे गावं, आणि विल्माच्या विणकामाचा लाल दोरा म्हणजे चाकोरी.

"उतुरुंकू डाव्या हाताला ठेवायचा," तो म्हणाला. "तो उजवीकडे दिसायला लागला की समजायचं, गाडी विल्मा चालवतेय."

"मामा, मागच्या साली तुम्हीच आम्हाला चिलीत नेत होता."

"सासुरवाडी बघायची होती म्हणून."

दोघं हसत होती तेवढ्यात त्यांच्या मधून एक हात पुढे आला. सेवेरो कधी मागे येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. कित्येक आठवड्यांत त्यानं तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यानं दोरा उचलला आणि जरा वरच्या अंगानं ठेवला.

"इथून नको," तो म्हणाला. "खालच्या ओढ्यात अजून चिखल आहे. वरून जा, तुराय."

विल्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली, बाटली उघडली, पहिली धार पृथ्वीमातेसाठी जमिनीवर ओतली. पोरगा बोलला! त्या आनंदात संध्याकाळ कशी गेली ते कळलं नाही. पेले विसळताना मात्र विल्माचा हात थांबला.

तुराय.

आमच्याकडे भाऊ बहिणीला पानाय म्हणतो आणि बहीण भावाला तुराय म्हणते. स्पॅनिश बोलताना माणसं हजार चुका करतील, पण इथे बोबडं बोलणारं पोरसुद्धा चुकत नाही. सेवेरोनं बहिणीला 'माझ्या भावा' अशी हाक मारली होती.

३

"मग काय झालं?" मामा आपल्या जुन्या जीपखाली आडवा पडून स्प्रिंगचे पाटे तपासत होता. तिथूनच त्याचा आवाज आला. "तू आहेसच पैलवानासारखी. पकड दे."

"मामा, थट्टा नको. तो नेहमीच तसं म्हणतोय आता. काल दोनदा म्हणाला."

"अगं, दचकलेला माणूस. माझा एक सोबती गाडी उलटल्यावर महिनाभर बायकोला आई म्हणत होता. बायकोनंच शेवटी त्याला सुधारलं, चपलेनं."

विल्मानं पकड दिली. मामाचं म्हणणं तिला पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं. आजारी माणसाच्या तोंडचा शब्द धरून बसायचा म्हणजे काय! तिनं स्वतःला चांगलं फैलावर घेतलं आणि सुटं चाक, फावडं, वाळूत चाकाखाली घालायच्या फळ्या, दोरखंड असं एकेक अंगणात आणून ठेवायला लागली. सेवेरो दारात उभा राहून बघत होता. पूर्वी तो असा बघत राहिला नसता. तिच्या हातातली फळी हिसकावून म्हणाला असता, सरक, तू फक्त सूप कर.

"कधी जाणार?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारी."

"आणि त्याला कधी आणणार?"

"कुणाला?"

सेवेरो हसला. हसू त्याचंच होतं, पुढचा अर्धा दात तुटलेला. "त्याला," तो म्हणाला आणि आत गेला.

विल्मा फळी धरून तशीच उभी राहिली. आजारी माणूस म्हणेल, मला बरं वाटेल का? माझं काय होईल? हा म्हणतो, त्याला कधी आणणार. बोकड कधी आणणार म्हणून विचारावं, तसं.

त्या दिवशी तिनं त्याचे कपडे धुवायला काढले आणि टबापाशी बसून राहिली. घरातलं धुणं तीच धुवायची. सेवेरोचा शर्ट म्हणजे पेट्रोल, कोका आणि घामाचा एक ठरलेला वास. धुतला तरी पुरता जायचा नाही. विल्मा त्यावरून त्याला बोलायची, तुला बायको मिळणार नाही ती याच वासामुळे. आता तिनं शर्टाची कॉलर नाकाशी धरली. आठवडाभर अंगावर असलेला शर्ट. त्याला दोरीवर वाळलेल्या कपड्याचा वास होता. तिनं शर्ट टबात खळबळून काढला आणि पाणी पाहिलं. ते नितळ होतं.

४

दोन्या प्रिमितीवा कपडा बघायला आली तेव्हा सेवेरोनं अंगावरचा शर्ट आपणहून काढून पुढे केला. "हा न्या," तो म्हणाला. म्हातारीनं शर्ट हुंगला. पुन्हा हुंगला. मग जिवंत काही धरावं तसा चिमटीत धरून तो खुर्चीवर ठेवला.

"हा नको. दुसरा दे."

"का?" विल्मानं विचारलं.

"हा कुणी घातलेला नाहीये."

"दोन्या प्रिमितीवा, आत्ता तुमच्यासमोर त्यानं काढला."

"मी नाकाचं सांगतेय, डोळ्यांचं नाही."

विल्मानं पेटी उघडली. तळाशी आईच्या हातची लोकरीची बंडी होती, लामा या जनावराच्या करड्या लोकरीची. सेवेरो ती घातल्याशिवाय गाडीत बसायचा नाही. फेब्रुवारीत फक्त खांद्याची शिवण उसवली म्हणून ती विल्माकडे राहिली होती. घडी उलगडली आणि खोलीत पेट्रोल, कोका, घाम, सगळा सेवेरो एकदम पसरला. विल्माला हुंदका आवरेना. केवढे दिवस झाले होते त्याचा वास येऊन! आणि तो तर समोरच उभा होता.

सेवेरो बंडीकडे बघत होता.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

विल्मानं बंडीची पुन्हा घडी घातली. तेव्हा तो म्हणाला, "असो. कशातूनही आणा. माझ्या अंगावर घाला म्हणजे झालं." आणि उघड्या अंगानं अंगणात गेला. बाहेर पाणी गोठवणारा वारा होता. त्याच्या अंगावर शहारा आला नाही.

आता संशयानं विल्माच्या मनात पक्कं घर केलं. तिला स्वतःची लाजही वाटत होती. सख्ख्या भावाकडे ती चोराकडे बघावं तशी बघायला लागली होती, तो जेवताना घास मोजत होती, दाराआड उभी राहून त्याचा श्वास ऐकत होती. कधी श्वास ऐकू यायचा. कधी, ती आली हे जणू त्याला कळल्यावर, सुरू व्हायचा. पण ती दुसऱ्या क्षणी स्वतःलाच सांगायची, जीव तिकडे राहिलाय म्हणूनच तर हे सगळं. जीव नाही, मग वास कुठून येणार? आईची बंडी तरी कशी आठवणार? बंडी घालू, सगळं ठीक होईल. या हिशेबात एकच गोष्ट बसत नव्हती. खालच्या ओढ्यात अजून चिखल आहे, हे त्याला घरात बसून कसं कळलं?

५

शुक्रवारी निघताना मामानं चारी चाकांवर दारू शिंपडली, टपावर कोकाची पानं टाकली आणि पृथ्वीमातेकडे जाण्याची परवानगी मागितली. परतीची मागायला तो विसरला. विल्माच्या ते लक्षात आलं, पण अशा वेळी टोकलं तर आणखी वाईट म्हणून ती गप्प बसली.

सेवेरो दारात आला. दोन्या प्रिमितीवा त्याच्या मागे होती, हातात जपमाळ. तो खिडकीशी वाकला. विल्मा स्टिअरिंगवर होती. तिनं बंडी पोटाशी कवटाळून धरली होती.

"हाक मोठ्यानं मार, तुराय," तो म्हणाला. "तो घाबरट आहे."

रस्ता त्यानं सांगितला तसाच निघाला. अलोता मागे पडलं, व्हिया मार मागे पडलं, केतेनाला रात्र काढून दोघं पुन्हा निघाली. उतुरुंकू डाव्या हाताला होता. खालच्या ओढ्यापाशी मामानं उतरून काठी खुपसली. काठी अर्धी आत गेली. वरचा उतार कोरडा आणि खणखणीत होता.

"बघ," मामा म्हणाला. "डोकं शाबूत आहे पोराचं."

"मामा, तो फेब्रुवारीपासून घराबाहेर पडलेला नाही."

मामा काठी पुसून गाडीत चढला. गाडीला नावं ठेवण्यासारखं बरंच काही होतं, पण पुढच्या वाटेवर त्यानं एकही नाव ठेवलं नाही.

६

दुपारी सेवेरोची जीप दिसली. तिरपी, मागची चाकं जमिनीत, टपावर गॅसच्या टाक्या तशाच. त्या मैदानात झुडूप नाही, दगड नाही, तीच काय ती एकटी. वारा पडला होता. कारा पाम्पावर दुपारचा वारा कधी पडत नाही.

विल्मानं गाडी लांबच थांबवली आणि दोघं चालत गेली. पावसातला चिखल वाळून कडक झाला होता, आणि त्यात पाय उमटलेले होते. मामा वाकला. सगळा जन्म त्यानं चाकोऱ्या आणि पाऊलखुणा वाचण्यात काढला होता. तो जीपभोवती फिरला, पुन्हा फिरला आणि टोपी काढून उभा राहिला.

"काय झालं?"

"काही नाही. चल, हाक मार आणि निघू."

"मामा."

त्यानं काठीनं दाखवलं. मैदानाच्या कडेला असलेल्या खाऱ्या तळ्याकडून पावलं आली होती. अनवाणी. सरळ चालकाच्या दारापर्यंत. तिथून बुटांची पावलं निघाली होती, केतेनाच्या दिशेनं. सेवेरोचे बूट, उजव्या टाचेची नाल अर्धी झिजलेली, विल्माला ती झोपेतही ओळखू आली असती.

"अनवाणी आलेला गेला कुठे?" तिनं विचारलं.

"तेच तर."

"आणि सेवेरो गाडीतून उतरलेला..."

"तेही दिसत नाही. एकजण आला, एकजण गेला." मामानं टोपी घातली. "चिखल फसवतो गं कधी कधी. चल, हाक मार."

जीपच्या काचा बंद होत्या. बाहेरून धूळ होती आणि आतून धुकं धरलं होतं, थंडीत माणसं भरलेल्या गाडीत धरतं तसं. आत तिचा भाऊ होता, हे विल्माला तेव्हा, त्या काचेपाशी, पहिल्यांदा पक्कं कळलं, आणि भीतीपेक्षा तिला रडूच जास्त आलं. एवढे महिने. एकटा. ती घरात त्याच्या नावानं मेणबत्त्या लावत बसली होती.

"सेवेरो," तिनं हाक मारली. "हाम्पुय, तुराय. चल घरी. मी आलेय."

आत काही हललं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. बंडी पुढे धरली. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला.

आत खट्ट झालं. रेडिओचं बटण. बॅटरी केव्हाच मेलेली असणार त्या गाडीची.

"पानाय?"

अगदी हलका आवाज होता, आणि त्यात विश्वास नव्हता. पूर्वीही कुणीतरी त्याला तिच्या आवाजानं हाक मारून फसवलं असावं, तसा. विल्मानं दार उघडलं. गाडी रिकामी होती. पेट्रोल, कोका आणि घामाचा वास तिच्या तोंडावर आला, आणि हातातली बंडी जड झाली. ओली झाल्यावर लोकर होते, तेवढीच. पण ती कोरडी होती आणि आतून कोमट होती.

मामानं काहीच ऐकलं नाही, असं तो म्हणाला. परतताना मात्र त्यानंच स्टिअरिंग हातात घेतलं, गुडघे दुखत असूनही, आणि मागचा आरसा छताकडे वळवून टाकला.

७

वाटेभर विल्मानं बंडी खाली ठेवली नाही. केतेनात जेवली नाही, अलोतात उतरली नाही. बंडीतला कोमटपणा तिच्या छातीशी लहान पोरासारखा चिकटून होता. आपण याला कुठे नेतोय, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात होता. घरात एकजण वाट बघत बसलाय. सेवेरोचे बूट घालून, सेवेरोचा तुटका दात दाखवत. त्यालाच ही बंडी घालायची आणि त्यात भावाला कायमचा कोंडायचा?

"नाही घातली तर?" तिनं मामाला विचारलं.

"मला काय विचारतेस? मी ड्रायव्हर माणूस."

"उंबरा ओलांडल्याशिवाय तो आलेला नसतो म्हणे."

"मग उंबरा तर ओलांडावा लागेल," मामा म्हणाला.

उयुनीच्या हद्दीत शिरताना विल्मानं स्वेटर काढला, बंडी स्वतःच्या अंगात घातली, वरून स्वेटर घातला आणि शाल घट्ट गुंडाळली. बंडी तिला सैल व्हायला हवी होती. ती बरोबर बसली.

कोपऱ्यावर दोन्या प्रिमितीवा उभी होती. उन्हात, घराकडे पाठ करून, माळ मुठीत.

"तुम्ही त्याच्यापाशी बसणार होता ना?" विल्मा म्हणाली.

"बसले होते. काल निघून आले." म्हातारीनं विल्माचा चेहरा चाचपला, जणू नुसत्या बघण्यावर तिचा भरवसा नव्हता. "काल दुपारी मी अंगणात होते. आतून तुझा आवाज आला. वाटलं, पोर लवकर परतली. आत गेले तर तो एकटाच. रेडिओपुढे बसलेला."

"काय म्हणत होता?"

"तू फेब्रुवारीत म्हणायचीस तेच. घोकत होता."

८

दार उघडंच होतं. दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. विल्मानं उंबरा ओलांडला, आणि छातीतला कोमटपणा एकदम सैलावला, घरी आल्यावर माणूस बूट काढून पाय पसरतो तसा. सुखानं तिला रडू आलं असतं. पण समोर टेबलापाशी सेवेरो गुडघ्यांवर बसला होता. मान खाली, हात वर. आईनं कपडा घालावा म्हणून लेकरं बसतात तसा.

"घाल," तो म्हणाला.

"कोणी आलं नाही," विल्मा म्हणाली. आवाज तिनं जमेल तेवढा कोरडा ठेवला. "हाका मारल्या. कोणी आलं नाही. बंडी वाऱ्यानं गेली."

त्यानं मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. शालीच्या गाठीकडे, बरोबर छातीच्या मधोमध तो बघत राहिला. मग शांतपणे उठून बसला. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती.

विल्मा सैपाकघरात गेली आणि तिनं कडी लावली. बाहेर मामा गाडीतले डबे उतरवत होता, त्यांचा खडखडाट ऐकू येत होता. चुलीवर सूप होतं, तिनं निघताना ठेवलेलं, साय धरलेलं, कुणी पळीसुद्धा न लावलेलं. ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली. दोन्ही हात छातीशी.

पलीकडे कुणीतरी येऊन दाराला पाठ लावून बसलं.

"तुराय," ते म्हणालं. "ऐकतोयस का?"

विल्माचाच आवाज. फेब्रुवारीतला, घसा बसलेला, रडवेला, जिवाच्या आकांतानं मारलेला. त्यात तीच थकलेली धाप होती, तोच मधे ओढलेला नाकाचा सुसकारा. इतक्या मायेनं हाक मारणं आत्ता तिला स्वतःलाही जमलं नसतं.

"बोल रे तुराय, बोल."

तिनं दोन्ही तळहात तोंडावर दाबले. ऐकू नको, ती मनात म्हणत होती, ती मी नाही रे, मी ही इथे आहे, तुझ्याभोवती. पण मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, आणि पलीकडून तिचाच आवाज हाका मारत होता. महिनेच्या महिने त्या उघड्या माळावर तिचा भाऊ याच हाकेची वाट बघत बसला होता.

"बोल रे. मी आहे. मी इथेच आहे."

विल्माचे ओठ तळहातांखाली हलले. तिनं हलवले नव्हते.

"पानाय?" तिच्या तोंडातून तो म्हणाला.

तिच्या डोक्यावर दाराची कडी हळूच वाजली.